व्याजदर ही इतर किमतींसारखी किंमत का नाही?

सरळव्याज

मागणी वाढली की किंमत चढते. किंमत चढली की ज्याला वस्तू खरोखर हवी आहे तो जास्त मोजून घेतो, बाकीचे मागे सरतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं हे गणित बहुतेक बाजारांत बऱ्यापैकी चालतं, पण कर्जाच्या बाजारात ते अडखळतं. कर्ज नाकारलेला माणूस परत जाऊन म्हणाला, "दोन टक्के जास्त लावा, पण मंजूर करा," तर अधिकाऱ्याचं मन वळत नाही. उलट तो आणखी सावध होतो. एवढा दर मान्य करणारा हा माणूस फेडणार कशातून, हेच त्याच्या मनात आधी येतं.

आकड्यांत बघू. समजा शंभर जणांना प्रत्येकी १०० चं कर्ज हवंय, चलन कुठलंही धरा. त्यांतल्या नव्वद जणांचा धंदा सरळ आहे: वर्षअखेर १०० चे ११५ होतात, खात्रीने. उरलेल्या दहा जणांचा डाव मोठा आहे: जमला तर १०० चे २००, फसला तर शून्य, आणि शक्यता निम्मी-निम्मी. कोण कुठल्या गटातला, हे बँकेला चेहऱ्यावरून कळत नाही.

१० टक्के दर लावला तर सगळेच कर्ज घेतात. नव्वद जण ११० परत करतात, दहापैकी सरासरी पाच जण करतात. बँकेने १०,००० दिले, आले १०,४५०. दर १५ केला तर येतात १०,९२५. म्हणजे दर वाढवणं फायद्याचंच दिसतं. आता १६ करा. ११५ मिळवणाऱ्याला ११६ फेडणं परवडत नाही, त्यामुळे नव्वदच्या नव्वद जण निघून जातात. मोठा डाव खेळणारे मात्र जागचे हलत नाहीत, कारण डाव जमला तर ११६ देऊनही ८४ उरतात आणि फसला तर बुडणारे पैसे बँकेचे. बँकेने आता १,००० च दिले, परत आले ५८०. दर एका टक्क्याने वाढला आणि सव्वानऊ टक्के नफ्याचा ४२ टक्के तोटा झाला.

जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी १९८१ मध्ये हाच मुद्दा मांडला. बँकेला सर्वांत जास्त फायद्याचा दर आणि मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणारा दर हे दोन्ही एकच असतील असं नाही. त्यामुळे सारख्याच दिसणाऱ्या दोन अर्जदारांपैकी एकाला कर्ज मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही, आणि दुसरा जास्त व्याज द्यायला तयार असूनही उपयोग होत नाही. याचं मूळ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारात दाखवलं होतं. गाडीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून अंग काढून घेतात.

धागा काढण्याचं कारण असं. तारण, बँकेचं किमान भांडवल (म्हणजे तिच्या मालकांचे स्वतःचे पैसे), ठेवींचा विमा, नियामकाची तपासणी या सगळ्याकडे बाजारातली लुडबुड म्हणून पाहायची सवय अनेकांना आहे. मला ते पटत नाही. इतर बाजारांत जे काम किंमत करते ते इथे तिला एकटीला जमत नाही, आणि ते करण्यासाठीच या गोष्टी उभ्या राहिल्या. मतभेद असतील तर जरूर मांडा.

अर्थार्थी

उदाहरण आवडलं. दोन शंका. बँकेने १५ टक्क्यांवर थांबावं, मग अडचण कुठे आहे? आणि ते दहा जण सरासरी १०० चे १०० च करतात. मग त्यांचा डाव कुणी खेळावाच का?

सरळव्याज

१५ हा आकडा मी ठरवला म्हणून आपल्याला दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक धंद्याचा परतावा वेगळा असतो, वर्षागणिक बदलतो आणि बँकेला तो नेमका माहीत नसतो. म्हणून ती कड्याच्या बरीच अलीकडे थांबते आणि उरलेली निवड दराऐवजी चौकशीने करते.

दुसरी शंका जास्त मोलाची आहे. समाजाच्या हिशेबाने त्या डावातून काहीच नवं निर्माण होत नाही, बरोबर. पण १० टक्क्यांच्या कर्जावर खेळणाऱ्याला निम्म्या वेळा ९० मिळतात, निम्म्या वेळा शून्य, म्हणजे सरासरी ४५. बँकेला त्याच १०० वर सरासरी ५५ परत मिळतात. त्याचा ४५ चा फायदा आणि बँकेचा ४५ चा तोटा ही एकच रक्कम आहे. फायदा सगळा आपला आणि ठरावीक मर्यादेपलीकडचं नुकसान दुसऱ्याचं असलं, की निरर्थक जोखीमसुद्धा फायदेशीर होते.

निवृत्त शाखाधिकारी

माझं बहुतेक आयुष्य कर्ज विभागात गेलं, म्हणून "चौकशी" म्हणजे काय ते लिहितो. नवा माणूस आधी ताळेबंद उघडतो. आम्ही आधी खात्याचा उतारा मागायचो.

ओव्हरड्राफ्टचं, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत हवी तेव्हा उचल करायचं, खातं निरोगी असेल तर ते हलतं राहतं. माल घेतला की उचल वाढते, विक्रीचे पैसे आले की उतरते. उचल महिनोन् महिने मंजूर मर्यादेला टेकलेली दिसली, तर ते खेळतं भांडवल उरलेलं नसतं. पैसा कुठेतरी रुतलेला असतो: न खपलेल्या मालात, न आलेल्या उधारीत, नाहीतर त्या पैशातून घेतलेल्या जागेत. दुसरी खूण तारखांची. तिमाही संपायच्या आदल्या दिवशी मोठी रक्कम जमा होते आणि दोन दिवसांत तेवढीच बाहेर जाते. अशी रक्कम उताऱ्याची तब्येत चांगली दिसावी म्हणून आणलेली असते. तिसरी खूण नावांची. जमा करणारी फर्म आणि पैसे घेणारी फर्म एकाच कुटुंबाची निघाली, तर उलाढाल मोठी दिसते पण विक्री झालेलीच नसते.

ही माहिती ज्या बँकेत खातं आहे तिलाच रोजच्या रोज दिसते. ठेवी घेणं आणि कर्ज देणं हे दोन धंदे एकाच छपराखाली का आले, याचं एक मोठं कारण मला यात दिसतं.

तारणाबद्दलही गैरसमज आहे. तारण विकून वसुली करणं हा शेवटचा आणि वाईट मार्ग: वर्षं जातात, खर्च होतो, लिलावात पडेल भाव येतो. तारणाचा खरा उपयोग कर्ज देण्याच्या आधी होतो. ज्याला स्वतःच्याच डावाची खात्री नाही तो राहतं घर गहाण ठेवायला कचरतो. त्याचं कचरणं हीच बँकेसाठी माहिती असते.

सरळव्याज

वा! मार्जिनचंही, म्हणजे कर्जदाराने स्वतः घालायच्या पैशांचंही, तसंच. वरच्या उदाहरणात मोठा डाव खेळणाऱ्याला २५ स्वतःचे घालायला लावले आणि ७५ च कर्ज दिलं, तर त्याचा सरासरी फायदा ४५ वरून ३३.७५ वर येतो. स्वतःचे पैसे जितके जास्त, तितका दुसऱ्याच्या जिवावर खेळण्याचा मोह कमी.

मृण्मयी क

ज्याच्याकडे ना घर आहे ना मार्जिन, त्याने काय करायचं? या चौकटीत तो कायमचा बाहेरच राहतो, आणि तो बहुधा नव्वद जणांतलाच असतो.

बांगलादेशात ग्रामीण बँकेने यावर दिलेलं उत्तर मला अर्थशास्त्र म्हणूनही फार आवडतं. पाच-पाच जणींचे गट, गटाने एकमेकींना निवडायचं, आणि एकीची फेड बिघडली की बाकीच्यांचं पुढचं कर्ज अडकण्याची भीती. कोण भरवशाची आहे हे बँकेला शोधायला परवडत नाही, शेजारणीला मात्र आधीच ठाऊक असतं. जी माहिती विकत घेता येत नाही ती गटाच्या रचनेतून बाहेर काढली. १९८३ मध्ये ती रीतसर बँक झाली, २००६ मध्ये तिला आणि तिचे संस्थापक मोहम्मद युनूस यांना शांततेचं नोबेल मिळालं.

दोन मर्यादाही लिहायला हव्यात. गटाच्या दबावाचं कधीकधी छळात रूपांतर होतं. आणि पूर आला तर पाचही जणींचं उत्पन्न एकदमच बुडतं, तिथे कोण कुणाला सांभाळणार?

रोखठोक

मला हा सगळा युक्तिवाद बँकांना फार झुकतं माप देणारा वाटतो. माहिती गोळा करणं हेच बँकेचं काम असेल तर २००८ साली काय झालं? अमेरिकेतल्या गृहकर्जदारांचं उत्पन्न तपासायला कुणी अडवलं होतं?

ठोकताळा

रोखठोक, अडवलं कुणीच नव्हतं, पण तपासण्यात कुणाचा फायदा उरला नव्हता. कर्ज देणारी संस्था ते कर्ज काही आठवड्यांत विकून टाकायची. हजारो कर्जं एकत्र करून त्यांचे रोखे बनायचे आणि ते जगभर जायचे. कर्ज बुडालं तर झळ लागणार ती रोखे घेणाऱ्याला, आणि त्याला कर्जदाराचं नावही माहीत नसायचं. म्हणजे ज्याच्याकडे माहिती होती त्याच्याकडे जोखीम नव्हती, आणि ज्याच्याकडे जोखीम होती त्याच्याकडे माहिती नव्हती. मोबदला कर्जांच्या संख्येवर, मग चौकशीत वेळ कोण घालवणार? लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळखोरीत गेली, तोवर कुठला कागद कुणाच्या कपाटात आहे हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, आणि बँका एकमेकींनाही उसने पैसे देईनाशा झाल्या.

नंतर २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने असे रोखे काढणाऱ्याने सर्वसाधारणपणे किमान ५ टक्के जोखीम स्वतःकडे ठेवावी असं बंधन आणलं. सरळव्याज यांनी सांगितलेलं मार्जिनच, फक्त दुसऱ्या टोकाला लावलेलं. (त्यात सवलती इतक्या आहेत की ५ टक्के मला अपुरे वाटतात.)

अर्थार्थी

थोडं अवांतर: बँक एकाची ठेव दुसऱ्याला कर्ज देते, आणि राखीव प्रमाण (ठेवींपैकी कर्जाऊ न देता बाजूला ठेवायचा हिस्सा) १० टक्के असेल तर १०० च्या ठेवीतून १,००० ची निर्मिती होते, असं शिकवतात. ते या चर्चेत कुठे बसतं?

ठोकताळा

क्रम उलटा आहे. बँक कर्ज मंजूर करते तेव्हा कर्जदाराच्या खात्यात रक्कम जमा करते. ती जमा हीच नवी ठेव, ती कुणाच्याही खात्यातून वजा झालेली नसते. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात हे स्पष्ट लिहिलं. अमेरिकेत मार्च २०२० पासून राखीव प्रमाण शून्य आहे. ते गुणक गणित खरं असतं तर तिथे पैसा अमर्याद वाढायला हवा होता. प्रत्यक्षात बँकेचा हात तीन गोष्टी अडवतात: फेडू शकणारे कर्जदार किती, आपल्याकडे भांडवल किती, आणि कर्जाचे पैसे दुसऱ्या बँकेत गेले की ते चुकते करायला लागणारी रोकड मध्यवर्ती बँक कुठल्या दराने देते.

मृण्मयी क

आता ठेवीदारांकडे वळूया का? कारण त्या बाजूला बँक स्वतःच कर्जदार आहे.

बाकीच्यांपेक्षा बराच जास्त दर देणारी बँक दिसली की पुष्कळांना ती उदार वाटते. सरळव्याज यांचं उदाहरण इथे लावून पाहा. इतका महाग पैसा गोळा करणारी बँक तो कुठे लावणार? बहुधा त्या दहा जणांच्या डावांत.

शिवाय इथे आणखी एक गुंता आहे, वेळेचा. ठेव कधीही परत मागता येते, दिलेलं कर्ज वीस वर्षांनी फिटतं. रोज थोडेच ठेवीदार पैसे काढतात तोवर हे चालतं. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ मध्ये दाखवलं की अगदी सुस्थितीतली बँकसुद्धा फक्त भीतीने बुडू शकते. बाकीचे काढणार अशी मला शंका आली तर मीही आधी जाऊन काढणं शहाणपणाचं, कारण पैसे आधी येणाऱ्याला पूर्ण मिळतात आणि शेवटच्याला मिळत नाहीत. प्रत्येक जण शहाणपणाने वागतो आणि बँक बुडते. या कामासाठी दोघांना बेन बर्नांके यांच्यासह २०२२ चं नोबेल मिळालं.

यावरचा उपाय म्हणजे ठेवींचा विमा: बँक बुडाली तरी ठरावीक मर्यादेपर्यंत ठेव परत मिळते. तो कसा आखला आहे यावर पैसे काढायला रांग लागणार की नाही हे ठरतं, याचं ब्रिटनमधलं उदाहरण बघा. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेसमोर रांगा लागल्या तेव्हा तिथे विमा होता. पण कसा? पहिल्या २,००० पौंडांना पूर्ण, पुढच्या ३३,००० ना ९० टक्के. ठेवीदाराने बँकेवर नजर ठेवावी म्हणून थोडी झळ त्यालाही लागू द्यायची, असा विचार त्यामागे होता. सामान्य ठेवीदार बँकेचा ताळेबंद काय वाचणार? पण दहावा हिस्सा जाऊ शकतो एवढं त्याला नक्की कळलं आणि तो रांगेत उभा राहिला. सरकारने सगळ्या ठेवींची हमी दिली तेव्हा रांगा ओसरल्या, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ३५,००० पौंडांपर्यंत पूर्ण विमा लागू झाला.

रोखठोक

आणि पूर्ण विमा दिल्यावर काय होतं तेही लिहा की. अमेरिकेतल्या गृहकर्ज बचतसंस्था घ्या. तीस वर्षांची कर्जं जुन्या स्वस्त दराने दिलेली, आणि १९७९ नंतर महागाई मोडायला दर इतके चढले की ठेवींवर त्याहून जास्त द्यावं लागलं. अनेक संस्थांचं भांडवल संपलं. १९८० मध्ये विम्याची मर्यादा ४०,००० वरून १,००,००० डॉलर केली, १९८२ मध्ये त्यांना नव्या धंद्यांत पडायची मोकळीक दिली. मालकाचं गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, ठेवीदार निश्चिंत, पैसा हवा तितका येतोय. मग त्यांनी धाडसी बांधकामांना कर्जं दिली. १९८६ ते १९९५ मध्ये हजाराहून जास्त संस्था बुडाल्या आणि बिल करदात्यांनी भरलं. सरळव्याज, ही लुडबुड नाही तर काय?

सरळव्याज

रोखठोक, तुम्ही सांगितलेली घटना तंतोतंत खरी आहे. निष्कर्ष मात्र मी वेगळा काढतो.

भांडवल संपलेल्या बँकेचा मालक म्हणजे माझ्या उदाहरणातला अकरावा खेळाडू. डाव जमला तर बँक त्याची, फसला तर नुकसान विमा निधीचं. विम्यामुळे रांग थांबली, पण मालकाचा मोह वाढला, आणि त्याला आवर घालणारं भांडवल मुळात शिल्लकच नव्हतं. विमा आणि भांडवल हे जोडीने लागतात. एकटा विमा दिला तर तुम्ही सांगितलेलं घडतं, एकटं भांडवल ठेवलं तर मृण्मयीताईंनी सांगितलेली रांग लागते.

शंभराच्या मालमत्तेमागे ८ भांडवल आणि ९२ देणं असेल, तर मालमत्तेवरच्या १ टक्का नफ्याने मालकाला साडेबारा टक्के मिळतात. भांडवल ४ केलं तर त्याच नफ्यावर २५ टक्के. त्यामुळे मालकाला ४ च आवडणार हे उघड आहे. पण मालमत्तेची किंमत ५ टक्क्यांनी घसरली तर पहिली बँक जखमी होते, दुसरी मरते. बँक कर्जदाराकडे मार्जिन मागते तेव्हा कुणी त्याला लुडबुड म्हणत नाही. समाज बँकेकडे तेच मागतो, इतकंच.

ठोकताळा

दर वाढल्याने जुनी मालमत्ता घसरते ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक याच दुखण्याने गेली, आणि तिच्याकडे बुडीत कर्जं नव्हे तर मुख्यतः सरकारी पाठबळाचे रोखे होते.

हिशेब असा. १०० चा दहा वर्षांचा रोखा वर्षाला २ देतो. बाजारातला दर ५ टक्के झाला तर २ देणारा रोखा १०० ला कोण घेईल? त्याचा भाव सुमारे ७७ वर येतो. एकाच वर्षाचा असता तर ९७ च्या आसपास राहिला असता. म्हणजे सरकार पैसे बुडवणार नाही याची शंभर टक्के खात्री असूनही निव्वळ मुदतीमुळे २३ गेले. ज्या बँकेचं भांडवल शंभरामागे ८ आहे, तिने असे लांब मुदतीचे रोखे किती घेतले यावर सगळं ठरतं.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ मध्ये दर वाढवायला सुरुवात केली आणि वर्षभरात ते शून्याजवळून साडेचारच्या वर गेले. ८ मार्च २०२३ ला या बँकेने रोखे विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला. ठेवींपैकी ९० टक्क्यांहून जास्त विम्याच्या मर्यादेबाहेर, आणि ठेवीदार बहुतेक एकमेकांना ओळखणाऱ्या कंपन्या. ९ तारखेला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर गेले, १० तारखेला नियामकाने बँक बंद केली. नॉर्दर्न रॉकला निदान फुटपाथवर रांग लागावी लागली होती, इथे काम फोनवरून झालं.

रोखठोक

आणि दोन दिवसांनी मर्यादेबाहेरच्या ठेवीही सुरक्षित असल्याचं जाहीर झालं. मर्यादा अशा प्रसंगी पाळायचीच नसेल तर ती कशाला ठेवायची? भांडवलाचा मुद्दा मला पटतो, पण हे पटत नाही.

सरळव्याज

यावर मी तुमच्याच बाजूने आहे. पुढच्या बँकेच्या मोठ्या ठेवीदारांनी आता चौकशी का करावी, याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. म्हणूनच ठेवीदाराच्या सावधपणावर विसंबण्यापेक्षा भांडवल वाढवा असं मी म्हणतो. बँका म्हणतात भांडवल महाग पडतं. पण मालकांना जास्त परतावा हवा असतो तो जोखीम जास्त असते म्हणून, आणि भांडवल वाढलं की प्रत्येक शेअरमागची जोखीम घटते. मोदिग्लियानी आणि मिलर यांचा १९५८ चा सिद्धांत हेच सांगतो. कर्जावरच्या व्याजाला मिळणारी करसवलत आणि विम्याचा आधार यांमुळे बँकेला भांडवलापेक्षा उसना पैसा स्वस्त वाटतो, पण तो खर्च नाहीसा झालेला नसतो, तो दुसरं कुणीतरी उचलतं.

अर्थार्थी

शाखाधिकारीसाहेब, शेवटचा प्रश्न. एखाद्या बँकेचा वार्षिक अहवाल हातात आला तर माझ्यासारख्याने नेमकं काय बघावं?

निवृत्त शाखाधिकारी

निव्वळ नफा सगळ्यात शेवटी बघा. आधी कर्जवाटप किती वाढलं ते बघा. सगळ्या बँकांचं सावकाश वाढत असताना एकीचं झपाट्याने वाढत असेल, तर इतरांनी नाकारलेले अर्जदार तिच्याकडे येत असण्याची शक्यता मोठी. आणि अशा वर्षी थकबाकीचं प्रमाण कमी दिसतंच, कारण नवं कर्ज थकायला वेळ लागतो आणि भागाकारात खालचा आकडा मोठा झालेला असतो. थकबाकीची रक्कम दोन वर्षांपूर्वीच्या एकूण कर्जाशी ताडून बघा, चित्र बदलतं.

मग पुनर्रचित, म्हणजे फेडीच्या अटी सैल केलेली, कर्जं बघा. हप्ता भरायला नवं कर्ज देऊन जुनं चालू दाखवणं हा फार जुना प्रकार आहे. त्यानंतर सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांचा आणि वीस कर्जदारांचा एकूण वाटा दिला असेल तर तो. वीस ठेवीदारांवर उभी असलेली बँक वीस फोनांत रिकामी होते.

आणि टिपा वाचा. मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे म्हणून दाखवलेले रोखे ताळेबंदात खरेदीच्या हिशेबाने असतात, त्यांचा बाजारभाव खाली बारीक अक्षरात दिलेला असतो. दोहोंतला फरक भांडवलातून वजा करून जे उरतं ते बघा. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या २०२२ च्या अहवालात तो फरक छापलेला होता. सुमारे १५ अब्ज डॉलर, आणि भांडवल १६ अब्जांच्या आसपास.